लंब नेमका कुठे टेकतो? ठाण्यातल्या रविवारच्या वर्गातलं एक प्रकरण

प्रश्न असा होता. त्रिकोण अबक मध्ये बाजू अब ही बाजू अक पेक्षा लहान आहे. कोन अ चा दुभाजक आणि बाजू बक चा लंबदुभाजक म या बिंदूत छेदतात. म मधून रेषा अब वर मप आणि रेषा अक वर मफ हे लंब टाकले आहेत. अप ची लांबी अब आणि अक यांच्या रूपात काढा.

पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी आठवी ते दहावीची काही मुलं जमतात, गणित ऑलिंपियाडच्या तयारीला. मी वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये ड्रॉइंगवर उभा जन्म काढलेला माणूस. पदवी गणिताची नाही, पण भूमितीचा नाद शाळेपासूनचा. मुलं काका म्हणतात. सराव पेपर काढायचा, तपासायचा आणि मग तासभर त्यावर भांडायचं, असा आमचा शिरस्ता. त्या खेपेच्या गठ्ठ्यात नववीतल्या एका मुलीचा पेपर होता. पानभर नीटनेटकी सिद्धता, प्रत्येक पायरीसमोर कंसात कारण, आणि तळाला चौकट आखून लिहिलेलं: "म्हणून अब = अक. पण पक्षात अब < अक दिलंय. काका, प्रश्नच चुकलाय का?"

तिची सिद्धता थोडक्यात अशी. म हा कोन अ च्या दुभाजकावर आहे, म्हणून त्रिकोण अमप आणि अमफ कोकोबा (कोन-कोन-बाजू) कसोटीने एकरूप. त्यातून अप = अफ आणि मप = मफ. म हा बक च्या लंबदुभाजकावरही आहे, म्हणून मब = मक. मग त्रिकोण मबप आणि मकफ कर्णभुजा कसोटीने एकरूप, म्हणून बप = कफ. आता अप + पब = अब आणि अफ + फक = अक. डावीकडच्या बेरजा सारख्या, तेव्हा उजवीकडच्या बाजूही सारख्या. अब = अक.

शून्य गुण देऊन पुढे जाता आलं असतं. आकृती चुकली आहे हे पाहताक्षणी दिसत होतं. पण सिद्धतेतली एकही एकरूपता चुकीची नव्हती, आणि आपल्याच उत्तरावर शंका घेऊन ते लिहायचं धाडस या वयात फार मुलांत नसतं. प्रकरण फळ्यावर घ्यायचं ठरवलं. तिची परवानगी आधी घेतली.

कोडं तसं जुनं आहे. सगळे त्रिकोण समद्विभुज असतात, ही गंमत एकोणिसाव्या शतकापासून गणितकोड्यांच्या पुस्तकांत फिरते आहे. मुलांपैकी कुणी ती वाचली नव्हती, ते बरंच झालं. सगळ्यांनी आधी कसोट्यांवर हल्ला चढवला. कर्णभुजा कसोटी इथे लागते का? लागते, दोन्ही काटकोन त्रिकोण आहेत, कर्ण सारखे, एक भुजा सारखी. कोकोबा? तीही लागते. शेवटी दहावीतला एक मुलगा म्हणाला, "हिने म त्रिकोणाच्या आत काढलाय. तो आत असतो हे कुणी सांगितलं?"

कुणीच नाही. कच्ची आकृती काढताना दोन दुभाजक आले की हात आपोआप त्यांना त्रिकोणाच्या पोटात भेटवतो, कारण अंतर्मध्य, मध्यगासंपात ही सगळी मंडळी आतच भेटतात. इथे मात्र दोन वेगळ्या जातीच्या रेषा आहेत. एक कोनाची, एक बाजूची. त्या कुठे भेटतील ते काढायला परिवर्तुळ, म्हणजे तिन्ही शिरोबिंदूंतून जाणारं वर्तुळ, आणावं लागतं, आणि प्रश्नात वर्तुळाचं नावही नाही.

ही जागा मला या सगळ्या प्रकरणात फार आवडते, म्हणून जरा सावकाश सांगतो. त्रिकोणाचं परिवर्तुळ काढा. बक या कंसाचा, म्हणजे अ ज्याच्यावर नाही त्या कंसाचा, मध्यबिंदू घ्या. त्याला तूर्त 'न' हे नाव देऊ. कंस बन आणि कंस नक सारखे, म्हणून जीवा नब आणि नक सारख्या. म्हणजे न हा बक च्या लंबदुभाजकावर आहे. सारख्या कंसांचे अंतर्लिखित कोनही सारखे, म्हणून कोन बअन = कोन नअक. म्हणजे न हा कोन अ च्या दुभाजकावर आहे. अब आणि अक असमान असल्यामुळे हे दोन दुभाजक वेगवेगळ्या रेषा आहेत, आणि दोन वेगळ्या रेषा एकाच बिंदूत छेदतात. तेव्हा न हाच म. आपण म चा पत्ता शोधत हिंडलो नाही. एक ओळखीचा बिंदू उभा केला आणि तो म च्या सगळ्या अटी पाळतो एवढं दाखवलं. स्पर्धेच्या भूमितीत ही युक्ती जागोजागी लागते, पण शाळेच्या वहीत ती सहसा दिसत नाही.

तर म परिवर्तुळावर, बक च्या पलीकडे. त्रिकोणाच्या बाहेर. मुलांनी टाळ्या पिटल्या, प्रकरण मिटलं असं समजून.

ती मुलगी मात्र फळ्यापाशीच उभी होती. तिने म खाली, बाहेर काढला. तिथून दोन्ही बाजूंना लंब टाकले आणि दोन्ही बाजू लांबवून प हा ब च्या खाली, फ हा क च्या खाली दाखवला. मग शांतपणे लिहिलं: अब = अप − बप, अक = अफ − कफ. पुन्हा अब = अक.

हॉलमध्ये एकदम गप्पगार. माझ्या मते प्रकरणाचा गाभा इथे आहे. या कोड्याचं उत्तर म्हणून बहुतेक ठिकाणी "छेदनबिंदू बाहेर असतो" एवढंच सांगतात आणि थांबतात. तेवढ्याने काही सुटत नाही. म बाहेर नेला तरी दोन्ही लंबपाद, म्हणजे लंब जिथे टेकतात ते बिंदू, एकाच जातीचे ठेवले, दोन्ही बाजूंवर किंवा दोन्ही वाढवलेल्या भागांवर, तर खोटा निष्कर्ष जसाच्या तसा उरतो. पूर्वी बेरीज होती, आता वजाबाकी, एवढाच फरक. खरा प्रश्न म कुठे आहे हा नाही. लंब कुठे टेकतो हा आहे.

ते ठरवायला चक्रीय चौकोन पुरतो. अ, ब, म, क चारही परिवर्तुळावर आहेत, म्हणून कोन अबम आणि कोन अकम यांची बेरीज १८० अंश. दोन्ही काटकोन असतील तर गोष्ट वेगळी, नाहीतर एक विशालकोन आणि दुसरा लघुकोन असलाच पाहिजे. विशालकोन कुठला? कोन कबम आणि कोन कअम एकाच कंसातले, म्हणून कोन कबम हा कोन अ च्या निम्मा. तेव्हा कोन अबम म्हणजे कोन ब अधिक कोन अ चा निम्मा. अब लहान, म्हणून तिच्यासमोरचा कोन क हा कोन ब पेक्षा लहान. ब, क आणि अ मिळून १८०, त्यात ब मोठा, म्हणून ब अधिक अ चा निम्मा ९० च्या वर जातो. विशालकोनाच्या बाजूवर टाकलेला लंब त्या बाजूच्या बाहेर टेकतो. प हा ब च्या पलीकडे. दुसरीकडे कोन अकम लघुकोन, म्हणून फ हा अक च्या आत.

आता अप = अब + बप आणि अफ = अक − कफ. अप = अफ, बप = कफ. बेरीज केली की दोनदा अप = अब + अक. म्हणजे अप ही अब आणि अक यांची सरासरी. प्रश्नाचं उत्तर हेच, आणि तिच्या सिद्धतेतल्या दोन्ही एकरूपता त्यात जशाच्या तशा वापरल्या आहेत. बदलली फक्त एका बेरजेची खूण.

प्रश्नात "रेषा अब वर" असं लिहिलं होतं, "बाजू अब वर" नाही. पेपर काढणारा असा शब्द उगाच वापरत नाही.

पडताळा घ्यायला मी १३, १४, १५ चा त्रिकोण दिला. अब १३, बक १४, अक १५. मुलांनी गणित केलं तर सगळं पूर्णांकात उतरलं: अप १४, बप आणि कफ प्रत्येकी १, मप ८, आणि म हा बक च्या खाली बरोबर ४. आणखी एक ताळा मिळाला. चौकोन अपमफ चं क्षेत्रफळ १४ गुणिले ८, म्हणजे ११२. चौकोन अबमक म्हणजे मूळ त्रिकोणाचे ८४ अधिक खालच्या त्रिकोणाचे २८, तेही ११२. होणारच, कारण त्रिकोण मबप उचलून मकफ च्या जागी बसवला आहे.

हाच त्रिकोण वहीवर निम्म्या मापाने, साडेसहा, सात, साडेसात सेंटिमीटर असा काढला तर बप येतो अवघा पाच मिलिमीटर. मोकळ्या हाताने काढलेल्या आकृतीत पाच मिलिमीटर कुणाला दिसणार? ते शिसाच्या जाडीत आणि मनातल्या समद्विभुजात विरून जातात. टूलरूममध्ये आम्हाला पहिल्या दिवशी दम भरलेला असायचा की ड्रॉइंगवर पट्टी लावून माप घ्यायचं नाही, लिहिलेलं माप वाचायचं. भूमितीच्या आकृतीला तोच नियम. तिच्याकडे पाहून सुचू द्यावं, पण आत की बाहेर, डावीकडे की उजवीकडे, हे तिला विचारू नये.

१३, १४, १५ हा त्रिकोण आपल्याकडे नवा नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत तो उदाहरणात आहे: भूमी १४, भुजा १३ आणि १५, लंब १२, आणि लंबाने भूमीचे पाडलेले दोन तुकडे, म्हणजे आबाधा, ५ आणि ९. त्याच प्रकरणात दुसरं उदाहरण आहे, ते आमच्या भांडणाला थेट लागू. भुजा १० आणि १७, भूमी ९. इथे लंब भूमीच्या बाहेर टेकतो. आबाधा येतात १५ आणि ६, आणि ६ ही ऋण धरायची. १५ वजा ६ बरोबर ९. लंब ८, क्षेत्रफळ ३६. लंबपाद बाहेर गेला म्हणून वेगळा नियम काढायचा नाही. तुकडा उलट दिशेचा, म्हणून वजा. तिने हे वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे बप ला मी आधीच अधिक-उण्याची खूण ठेवली असती, तर आकृती कशीही काढली असती तरी चाललं असतं?" चाललं असतं. दिशायुक्त लांबी आणि दिशायुक्त कोन वापरणारी मोठी मुलं हेच करतात. पण नववीत त्याची घाई नको असं मला वाटतं. एकदा फसून झाल्यावर ती सोय कळते, त्याआधी ती नुसती एक रीत वाटते.

दहावीतल्या त्या मुलाने याच गोष्टीची दुसरी सिद्धता आणली, आणि ती माझ्या यादीत नव्हती. त्याला सिमसनची रेषा माहीत होती. परिवर्तुळावरच्या कुठल्याही बिंदूतून त्रिकोणाच्या तीन बाजूंच्या रेषांवर लंब टाकले की तिन्ही लंबपाद एका रेषेत येतात. (नाव सिमसनचं पडलं, शोध वॉलेसचा.) म परिवर्तुळावर आहे. त्याचे लंबपाद प, फ आणि बक चा मध्यबिंदू ड. तेव्हा प, ड, फ एका रेषेत. "आता बघा काका," तो म्हणाला, "ही रेषा ड मधून त्रिकोणात शिरली. शिरली म्हणजे बाहेर पडलीच पाहिजे, आणि उरलेल्या दोनपैकी एकाच बाजूतून पडेल. म्हणजे प आणि फ पैकी एकच आत."

त्याने कोन मोजला नाही, लांबी मोजली नाही. रेषा शिरोबिंदूतून जात नाही एवढं तेवढं तपासावं लागतं, आणि असमान बाजूंमुळे ते लगेच सुटतं. एका बाजूतून शिरलेली रेषा दुसऱ्या एका बाजूतून बाहेर पडते हे युक्लिडने कुठे लिहिलंच नाही. आकृतीत दिसतंय म्हणून चालवून घेतलं. १८८२ मध्ये जर्मन गणिती पाश यांनी ते स्वयंसिद्ध म्हणून स्वतंत्रपणे मांडलं. युक्लिडला चाललं ते आमच्या नववीतल्या मुलीला चाललं नाही, यात तिचा दोष फार धरू नये.

ज्याला या परीक्षांची ओळख नाही त्याच्यासाठी एवढंच: पहिल्या फेरीत, म्हणजे आयओक्यूएमला (इंडियन ऑलिंपियाड क्वालिफायर इन मॅथेमॅटिक्स), उत्तर ० ते ९९ मधला एक पूर्णांक लिहायचा असतो. अब १३ आणि अक १५ देऊन अप विचारला तर चुकीच्या आकृतीवरून किंवा नुसत्या अंदाजानेही १४ लिहिता येईल, आणि पूर्ण गुण मिळतील. पुढच्या आरएमओला, म्हणजे रीजनल मॅथेमॅटिकल ऑलिंपियाडला, तीन तासांत सहा प्रश्न आणि सिद्धता सविस्तर लिहायची. तिथे "आकृतीवरून स्पष्ट आहे" हे वाक्य महागात पडतं. पहिल्या फेरीची तयारी जास्त झालेली मुलं दुसऱ्या फेरीत अडखळतात ती बऱ्याचदा याच जागी, असं माझं निरीक्षण आहे.

त्यानंतर वर्गात आकृतीची पद्धत बदलली. वर्तुळाशी संबंध येईल अशी शंका जरी आली तरी आधी कंपासने वर्तुळ काढायचं आणि मग त्यावर अ, ब, क घ्यायचे, म्हणजे परिवर्तुळ अंदाजाने ओढावं लागत नाही. बाजू ठळकपणे असमान घ्यायच्या. आणि मनासारखी आकृती जमली की मुद्दाम एक बेढब काढायची, ब विशालकोन करून. दुसरी आकृती काढायला मुलं कुरकुरतात. वेळ जातो म्हणतात. जातो खराच.

याचं फळ दिसलं ते १९८७ च्या एका प्रश्नावर. त्या वर्षीची आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड हवानाला झाली. भारत तेव्हा अजून उतरतही नव्हता, आपला पहिला संघ १९८९ चा. दुसरा प्रश्न असा: लघुकोन त्रिकोण अबक मध्ये कोन अ चा दुभाजक बक ला ल मध्ये आणि परिवर्तुळाला पुन्हा म मध्ये छेदतो. ल मधून अब आणि अक वर लख आणि लग हे लंब. सिद्ध करा की चौकोन अखमग आणि त्रिकोण अबक यांची क्षेत्रफळं समान आहेत.

दहावीतल्या मुलाने रुळलेल्या वाटेने केलं. अम आणि खग हे चौकोनाचे कर्ण एकमेकांना लंब, म्हणून क्षेत्रफळ त्यांच्या गुणाकाराच्या निम्मं. अल हा अ, ख, ल, ग मधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, म्हणून खग = अल गुणिले साइन अ. त्रिकोण अबम आणि अलक समरूप, म्हणून अम गुणिले अल = अब गुणिले अक. जोडलं की संपलं.

मुलीने म पाहिला आणि थेट प काढला. जुना प, म मधून रेषा अब वर टाकलेला लंबपाद. लख आणि मप समांतर, दोन्ही अब ला लंब. म्हणून अख गुणिले मप = अप गुणिले लख. चौकोन अखमग चं क्षेत्रफळ हे त्रिकोण अखम च्या दुप्पट, म्हणजे अख गुणिले मप, म्हणजेच अप गुणिले लख. पण अप ही अब आणि अक ची सरासरी. तेव्हा हे झालं अब गुणिले लख चं निम्मं, अधिक अक गुणिले लख चं निम्मं. लख = लग, म्हणून पहिला तुकडा त्रिकोण अबल, दुसरा त्रिकोण अलक. दोन्ही मिळून अबक. साइन नाही, समरूपतेची जोडी शोधणं नाही. मुलाची सिद्धता कुठल्याही संग्रहात सापडेल. मला हिची जास्त पसंत पडली, कारण बेरजेच्या ज्या खुणेने तिला गंडवलं होतं तीच खूण इथे कामाला लागली.

सिद्धता संपल्यावर तिने विचारलं, "पण लघुकोन त्रिकोण का म्हटलंय? मी ते कुठे वापरलंच नाही." मुलानेही आपली सिद्धता चाळली. त्यानेही वापरलं नव्हतं. लघुकोन असला की ख आणि ग बाजूंच्या आत टेकतात, एवढ्यासाठी ती अट. ती काढली तर ख बाहेर जाईल, पण क्षेत्रफळाचं काय?

तिने भास्कराचार्यांचे ५ आणि ९ घेतले आणि बेरजेऐवजी वजाबाकी केली. अब १३, अक १५, बक ४, लंब तोच १२, क्षेत्रफळ २४. ब विशालकोन. सरासरी तीच, म्हणून अप पुन्हा १४. लख = २४ भागिले १४, म्हणजे १२/७. बख = ५/७, ब च्या पलीकडे, म्हणून अख = ९६/७. मप = ७/४. अख गुणिले मप: ९६/७ गुणिले ७/४, बरोबर २४.